रिकाम्या ओळीला दाद

माझी दाद चुकली. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, ग्लेनच्या बेसमेंटमध्ये अंगावर कोट आणि पायांवर ब्लँकेट घेऊन बसले असताना मी नको त्या ठिकाणी ‘वाह’ म्हणाले. झालं ते एवढंच. कुणी मेलं नाही, कुणाचं घर जळलं नाही, आणि कहर म्हणजे त्या ‘वाह’बद्दल सगळ्यांनी माझं कौतुकच केलं. पण कनाटाला, ओटावाच्या कडेच्या आमच्या उपनगरात, परत जायच्या बसमध्ये बसले तेव्हा तोंड असं तापलं होतं की बाहेर उणे एकोणीस असताना मी लोकरीची टोपी काढून मांडीवर ठेवली. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. बघ बाई, बघ, मी मनात म्हटलं, सदुसष्टाव्या वर्षी चोरी करून घरी निघालेली बाई अशी दिसते.

ग्लेन हा मूळचा आमचा पोस्टमन. आमच्या रस्त्यावर चौदा वर्षं त्यानं टपाल टाकलं. एकदा माझं एक चौकोनी पार्सल आलं, ते त्यानं पेटीत न कोंबता दारावर आणून दिलं आणि विचारलं, "रेकॉर्ड आहे ना? कुणाची?" मी सांगितलं, हॅटी क्राउडर. हा गडी बर्फात खांद्यावरची बॅग खाली ठेवून वीस मिनिटं बोलत उभा राहिला. (त्याचं इंग्रजी मी माझ्या मराठीत सांगतेय, सगळ्यांचंच तसं.) दार उघडं, घरातली सगळी ऊब बाहेर चाललेली, आणि आतून नंदन ओरडतोय, "अगं, अख्ख्या ओटावाला हीटिंग देतेस का काय!" रिटायर झाल्यावर ग्लेननं कार्लिंग्टनच्या घराच्या तळघरात बैठक सुरू केली. माणसं चार. तो, मी, शाळेच्या लायब्ररीतून रिटायर झालेली मॉरीन आणि गॅटिनोहून नदी ओलांडून येणारा रेजँ, ज्याचं अर्धं बोलणं फ्रेंचमध्ये असतं आणि उरलेलं हातवाऱ्यांत. महिन्यातला दुसरा रविवार, दुपारी दोन. प्रत्येकानं आपल्या आवडीचं एक गाणं आणायचं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज असो नाहीतर त्या ब्लूजच्या गोतावळ्यातलं काही, आणि नुसतं गाणं नाही, त्या गाण्याचं एक विशिष्ट सादरीकरण. कुणी, कुठे, कोणत्या साली, एवढंच आधी सांगायचं. मग सुई उचलेपर्यंत कुणी बोलायचं नाही. फर्नेसची घरघर मध्ये येऊ नये म्हणून ग्लेन ऐन हिवाळ्यात थर्मोस्टॅट खाली करतो, म्हणून ते कोट आणि ती ब्लँकेटं. माझा चिवडा सगळ्यांना प्राणप्रिय, पण तो गाणं संपल्यावर, कारण कुरकुरतो.

या शांततेच्या नियमात माझ्यासाठी एक भोक पाडलेलं आहे. नऊ वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी मी हॅटीबाईंचीच ती रेकॉर्ड नेली होती. डेट्रॉइटमधल्या एका चर्चचं तळघर, एकोणीसशे सहासष्ट. हॅटीबाई तेव्हा साठीच्या पुढे. आयुष्यभर लोकांचे कपडे धुतलेली बाई, करंगळीत बाटलीची तोडलेली मान अडकवून ती तारेवरून सरकवत गिटार वाजवायची. रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी खोकतं, एक खुर्ची सरकते, एक तान्हं मूल रडून गप्प होतं. गाणं पुराचं आहे. नदीनं घर नेलंय आणि ही बाई पाणी ओसरल्यावर परत गेलीय. तिसऱ्या कडव्यात ती म्हणते, मी परत गेले, आणि दार... आणि थांबते. पुढचे शब्द ती गातच नाही. बाटलीची मान वरच्या तारेवरून हळूच सरकते, अगदी जेमतेम लागलेला स्वर, हलतो, खाली येतो, आणि दाराचं काय झालं ते गिटार सांगते. काय जागा आहे ती! मी हजार वेळा ऐकली असेल, आणि त्या दिवशीही हजार एकाव्या वेळी माझ्या तोंडून मोठ्यांदा गेलं, "वाह!" मॉरीननं शाळेतल्या पोरीला करावं तसं ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. सुई उचलल्यावर ग्लेननं विचारलं, ते काय होतं? मी सांगितलं की आमच्याकडे गाणारा एकटा गात नाही, ऐकणाराही त्यात असतो. जागा आली की तो दाद देतो, आणि नाही दिली तर गाणाऱ्याला वाटतं समोर पोती ठेवली आहेत. ते तिघं बराच वेळ या गोष्टीवर बोलत बसले. शेवटी ठरलं, जयंतीला एका बैठकीत एक वाह. एकच. तिनं ठरवायचं कुठे. मॉरीनचं मत विरोधात पडलं होतं, पण दर महिन्याचं टिपण ती वहीत लिहिते, त्यात तेव्हापासून एक रकानाच केला तिनं: वाह, कुठे, कशावर. नऊ वर्षांत तिनं स्वतः एकदाही तो शब्द उच्चारला नाही, पण नोंद कधी चुकवली नाही. आणि मला कबूल करायला पाहिजे की त्या रकान्याचा मला गर्व होता. ऑफिसात तीस वर्षं सरकारी आकडे जुळवले, त्याचं एक सर्टिफिकेट मिळालं, ते कुठे आहे ते मला ठाऊक नाही. पण मॉरीनच्या वहीतला रकाना मला पाठ आहे.

तर त्या रविवारी रेजँनं आणलं ते हॅटीबाईंचंच होतं. तेच गाणं. पण माँट्रियालमधला एक कॅफे, एकोणीसशे अडुसष्ट, म्हणजे दोन वर्षांनंतरचं, कुणा हौशी माणसानं टेपवर घेतलेलं. रेजँच्या हाती ते कुठून लागलं देव जाणे, पण कच्चं अंडं आणावं तसं तो ते घेऊन आला होता. मी डोळे मिटले. बाईंचा आवाज दोन वर्षांत आणखी खाली गेला होता, जमिनीला टेकला होता, आणि पायाचा ठेका छान ऐकू येत होता, लाकडी फळीवर टाच. पहिलं कडवं. दुसरं. मी वाट बघत होते. मी परत गेले, आणि दार... आणि मी म्हणाले, "वाह!" माझ्या मते अगदी ठिकाणावर. बाटलीचा स्वर मला जरा हळू वाटला होता, म्हणजे खरं सांगायचं तर वाटलाही नव्हता, मी धरून चालले होते की तो आहे.

टेप थांबली. मग रेजँ उठला आणि त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. "जयंती, मॉन द्यू! मला तीन वेळा ऐकल्यावर कळलं. तू पहिल्याच वेळी!" मला अजून पत्ता नव्हता. मी हसत होते. मग ग्लेन म्हणाला, "तिनं वाजवलंच नाही. डेट्रॉइटला वाजवलं, इथं नाही. ओळ अर्धी सोडून दिली. नुसत्या चार टाचा. आणि जयंतीनं त्या रिकाम्या जागेला दाद दिली." मॉरीन वहीत लिहीत होती, मला उलटं वाचता येतं. ‘वाह: शांततेला.’ खाली तिनं रेघ मारली होती, आणि मॉरीन अशी रेघ मारत नाही.

अगं आई गं. त्या क्षणी तोंड उघडायला हवं होतं. म्हणायला हवं होतं, अहो, मला ऐकू येत नाही, मला वाटलं नेहमीसारखंच वाजवलंय, मी आठवणीला दाद दिली. सरळ मराठीतसुद्धा म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी काय केलं? मी खाली बघितलं, जरा मान हलवली, नम्र माणसं हलवतात तशी, आणि मॉरीननं केलेला बटर टार्ट उचलून तोंडात टाकला. तो टार्ट माझ्या घशात अजून आहे.

मला माहीत होतं, हे आणखी वाईट. नोव्हेंबरपासून माहीत होतं. नंदननं तीनदा टीव्हीच्या आवाजावरून कटकट केल्यावर मी कनाटातल्या एका क्लिनिकमध्ये गेले. तिथली अनन्या नावाची मुलगी, मंगळुरूची, आँटी आँटी करत मला काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवत होती. ऐकू आली की बटण दाबायचं. मी बऱ्याच वेळा अंदाजानं दाबलं, तिला ते कळलं असणार. मग तिनं कागद दाखवला, डावीकडून बरी चाललेली रेघ उजवीकडे जिन्यासारखी खाली उतरलेली. "आँटी, खालचे सूर तुमचे छान आहेत. वरचे बरेच गेलेत. पक्षी ऐकू येतात का?" मी म्हटलं, ओटावाच्या नोव्हेंबरात पक्षी कुठले? ती हसली, मीही हसले, आणि पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून मी रडले. तिनं दिलेली यंत्रं घरी आणून कानांत घातली आणि पहिलं काम म्हणजे हॅटीबाई लावल्या. पत्र्याच्या डब्यात कोंडलेली कुणी भलतीच बाई गात होती. अनन्यानं सांगितलं होतं, आँटी, ही बोलणं ऐकायला ट्यून केलेली असतात, म्युझिक वेगळं वाटेल. वेगळं! मी ती काढून किचनच्या ड्रॉवरमध्ये ब्रेडच्या पिशवीला लावायच्या क्लिपांत टाकली. डिसेंबरची बैठक त्यांच्याशिवाय निभावली. जानेवारीची पण. ओळखीची गाणी होती, सगळ्या जागा मला पाठ. फक्त जानेवारीत मॉरीननं एका तरुण मुलीचं नवीन रेकॉर्डिंग आणलं, नोव्हा स्कोशियाची कुणी, ते काही केल्या माझ्या हाती लागेना, सगळं धुक्यातलं. तेव्हा मी काय म्हणावं? मी म्हटलं, "हल्ली पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही."

बसमध्ये हे वाक्य मला आठवलं आणि मी टोपी घट्ट धरली. कारण ते माझं नव्हतंच. ते अण्णांचं होतं. माझे वडील मिरजेला पोस्टात होते, पगार बेताचा, पण गाणं ऐकण्यात त्यांचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. मिरज म्हणजे गल्लीगल्लीत तंबोरे करणारी माणसं. तिथं चांगला कान असणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना नाही कळायचं. अण्णा कधी पुढे बसत नसत. पुढे बसणारा दिसायला बसतो म्हणायचे. मागे भिंतीशी बसायचे, मला शेजारी घेऊन, आणि माझं मनगट हातात धरायचे. मी सात-आठ वर्षांची, मला काय कळतंय. पण जागा आली की ते मनगट हलकेच दाबायचे. नुसतं एकदा. बोलायचे नाहीत. मग मी कान टवकारायचे की आत्ता काय झालं, काय होतं ते. असं करत करत एके दिवशी त्यांनी दाबायच्या आधीच मी त्यांच्याकडे वळून बघितलं, आणि अण्णा हसले. तो माझा खरा रिझल्ट. बाकीच्या परीक्षा नंतरच्या. एकदा गावातल्या एका मोठ्या वकिलानं समेच्या आधीच मोठ्यांदा दाद दिली, गवयी थांबला, हसला आणि पुढे गाऊ लागला, पण घरी येताना अण्णा एवढंच म्हणाले, "ऐकलं तेवढ्यालाच मान हलवावी, जये. न ऐकता हलवली तर ते गाणाऱ्याच्या तोंडावर खोटं बोलणं झालं." तो वकील पुढे सहा महिने गाण्याला आला नाही. मिरजेत तेवढी लाज शिल्लक होती. आणि इथं बघा, चुकलेल्या दादेबद्दल माझे हात हातात घेतात आणि वहीत रेघ मारतात. नको इतकी चांगली माणसं आहेत मेली.

मग बस कार्लिंग रस्त्यावरून वळली आणि मला दुसरी गोष्ट आठवली, जी मी पंचवीस वर्षं भलत्याच कप्प्यात ठेवली होती. नव्व्याण्णव साली मी एकटी घरी गेले होते. अण्णा पंच्याहत्तरचे. मी हौसेनं त्यांना एका गाण्याला घेऊन गेले, रिक्षा करून, शाल बिल घालून. आम्ही मागे भिंतीशी बसलो. गाणं सुरू झालं आणि अण्णांनी माझं मनगट धरलं. माझे डोळे भरून आले. मला वाटलं, बघा, म्हाताऱ्याला लहानपणीची जयू आठवली. दोन तास त्यांनी मनगट सोडलं नाही. पण एकदाही दाबलं नाही. काय काय सुंदर जागा होऊन गेल्या, आणि त्यांची बोटं तशीच, ढिली. मला जरा नवल वाटलं, मग वाटलं, वय झालं, गाणं आवडत नसेल. परत येताना रिक्षात ते म्हणाले, "पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही." त्यानंतर ते कुठल्याही गाण्याला गेले नाहीत. घरातला रेडिओसुद्धा आवाज वाढवावा लागायच्या आधीच बंद झाला. आणि आम्ही सगळे सांगत फिरायचो, अण्णांचा कान फार वरचा, त्यांना हल्लीचं काही चालत नाही. तो माणूस माझं मनगट धरून वाट बघत होता. मी दाबावं म्हणून. जागा आली की त्याला कळावं म्हणून. आणि मी येडी, डोळ्यांत पाणी आणून स्वस्थ बसले होते.

माझा स्टॉप गेला. पुढच्या स्टॉपवर उतरून बर्फातून मागे चालत आले, पंधरा मिनिटं. घरी नंदन ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करून दमून सोफ्यावर पसरला होता. त्याला सगळं सांगितलं. नंदन वाईट माणूस नाही, पण गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नाही. माझ्या बैठकीला तो ‘तुमचं रडगाण्याचं भजनी मंडळ’ म्हणतो. तो म्हणाला, "म्हणजे चूक झाली आणि लोक खूश झाले. मग अडचण काय आहे?"

"अडचण अशी की मला ऐकू येत नाही."

"ते मला कधीचं माहितीये. पण माझं तू छत्तीस वर्षं ऐकत नाहीयेस, त्यामुळे नक्की कधीपासून ते सांगता येत नाही." मग माझा चेहरा बघून तो उठून बसला. "जयू, हे बघ. झाकली मूठ सव्वा लाखाची. चार जागा पाठ आहेत ना? त्यावर वर्षभर निघेल. मग हळूच सांग, लांब पडतं, थंडी सोसत नाही. माणसं समजून घेतात."

हेच. अगदी हेच. थंडी सोसत नाही, पूर्वीसारखं गाणं राहिलं नाही, कान फार वरचा. मूठ झाकून झाकून अण्णांनी शेवटची नऊ वर्षं गाण्याशिवाय काढली, आणि दारापलीकडे माणसं त्यांचं कौतुक करत राहिली. आणि समजा मी सांगितलं, तर? त्या चार खुर्च्यांत माझी खुर्ची कशावर आहे? ग्लेनकडे रेकॉर्ड आहेत, मॉरीनकडे वही आहे, रेजँकडे कुठून कुठून आणलेल्या टेपा आहेत. माझ्याकडे कान होता. तो काढून घेतला की उरते ती चिवडा आणणारी बाई. मला हाकलणार नाहीत, छे, हे कनेडियन लोक कुणाला हाकलतात का! फार गोड वागतील. आवाज वाढवू का विचारतील. त्या गोडव्याची मला खरी भीती वाटत होती. अठ्ठ्याऐंशी साली या देशात पहिल्या हिवाळ्यात एका बेसमेंट अपार्टमेंटमध्ये नंदनचे शर्ट इस्त्री करताना रेडिओवर पहिल्यांदा हॅटीबाई ऐकल्या होत्या. शब्द निम्मे कळले नाहीत. घरात चिटपाखरू नव्हतं. पण ती बाई दारापाशी येऊन थांबली, बाटली तारेवरून सरकली, आणि मी हातातली इस्त्री उभी ठेवून मोठ्यांदा म्हणाले, वाह. तीन महिन्यांत मी कुणाशी मनापासून बोललेला तो पहिला शब्द. हा देश मला त्या दुपारी राहण्यासारखा वाटला. आता त्या बाईंच्याच तोंडावर मी खोटं बोलून आले होते, त्यांनी मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या जागेत.

महिनाभर मी माझ्याशीच भांडले. एक दिवस वाटायचं, गप्प बस, कुणाचं काय बिघडलं. दुसऱ्या दिवशी भाजी चिरताना बोटं आपोआप मनगटाकडे जायची. मार्चच्या दुसऱ्या रविवारी सकाळी मी किचनचा ड्रॉवर उघडला, ब्रेडच्या क्लिपांतून ती दोन यंत्रं शोधून काढली, कानांत घातली, आणि त्यांवर केस न सोडता मागे घट्ट अंबाडा बांधला. नंदननं गाडीच्या किल्ल्या उचलल्या. "चल, मी सोडतो," म्हणाला, "बर्फ भुरभुरतोय." गाडीत त्याच्या किल्ल्यांची खुळखुळ, इंडिकेटरची टिकटिक, सगळं असं टोचत होतं की विचारू नका. ग्लेनच्या दारात तो म्हणाला, "जये, तुझा चिवडा पण चांगला असतो हं." मी त्याला एक धपाटा घातला.

मी डेट्रॉइटचंच नेलं होतं, सहासष्टचं. ग्लेननं थर्मोस्टॅट खाली केला, सगळ्यांनी ब्लँकेटं ओढली. आधी फक्त कुणी, कुठे, कधी एवढंच सांगायचं असतं. मी ते सांगितलं आणि म्हटलं, "आणखी एक सांगायचंय. गेल्या महिन्यात मी शांततेला दाद दिली नाही. मला वाटलं तिनं वाजवलं. वरचे सूर मला ऐकूच येत नाहीत, नोव्हेंबरपासून माहीत आहे. मी अंदाजानं वाह म्हणाले आणि तुम्ही कौतुक केलंत तेव्हा गप्प बसले. मला माफ करा." एका दमात म्हणाले. मग कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं, ते मी बोटानं दाबलं.

रेजँ खाली बघत राहिला. माझ्या त्या दादेबद्दल त्यानं भावाला सांगितलं होतं, बायकोला सांगितलं होतं, ते मला नंतर कळलं. पण तो दुखावला हे तेव्हाच दिसलं. ग्लेन म्हणाला, "ओह, जयंती." मॉरीननं पिशवीतून वही काढली. फेब्रुवारीचं पान उघडलं. "मग हे खोडू?" तिनं विचारलं, अगदी लायब्ररीतल्या आवाजात. "खोड," मी म्हटलं. तिनं पट्टी काढली, पट्टी लावून ती ओळ खोडली, पट्टी परत ठेवली. मला वाटलं, बरं झालं. निदान मॉरीन गोड वागली नाही. मग ती उठली आणि खुर्ची ओढत माझ्या डाव्या बाजूला आणून बसली. खुर्चीचे पाय सिमेंटवर असे करकरले की मी दात आवळले. ग्लेननं सुई ठेवली.

हॅटीबाई त्याच पत्र्याच्या डब्यात होत्या. मी ठरवलं होतं, ऐकू येईल तेवढंच ऐकायचं. पायाचा ठेका होता. खालच्या तारा होत्या, भारदस्त, आपल्या जागी. आवाजाचा गाभा होता, कडा नव्हत्या. खोकणारा माणूस मात्र आता लख्ख ऐकू आला, आणि ते तान्हं मूल तर माझ्या मांडीवर असल्यासारखं. साठ वर्षांचं झालं असेल ते आता. या बाई काय होत्या! घर वाहून गेलेल्या जागी उभ्या राहून रडत नाहीत, भीक मागत नाहीत, नुसत्या बघतात आणि काय दिसतं ते सांगतात. एवढं तर मला अजून कळत होतं, ते कुठल्या यंत्रातून यायचं नव्हतं. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. तिसरं जवळ आलं. जागा कुठे आहे हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल, पण आता पाठ असलेलं म्हणायचं नव्हतं. मी ओठ घट्ट मिटले. मी परत गेले, बाई म्हणाल्या, आणि दार...

आणि तिथे माझ्यासाठी काहीही नव्हतं. सुईची खरखर आणि टाच. एक टाच, दुसरी टाच. बाटली सरकत असणार, स्वर हलत असणार, खाली येत असणार, त्या तळघरात माझ्याशिवाय सगळ्यांसाठी. मी समोरच्या भिंतीकडे बघत बसले, पोत्यासारखी.

"वाह," माझ्या डाव्या कानाशी कुणीतरी म्हणालं.

हळू, जरा अडखळत, शेवटचा ह उगाच लांबवून; पण यंत्रं बोलणं ऐकायलाच केलेली असतात, त्यामुळे अक्षर न् अक्षर आलं. मी वळले. मॉरीन माझ्याकडे बघत नव्हती. ताठ बसून समोर बघत होती, मान लाल झाली होती, वही मांडीवर मिटलेली. बैठकीतला एकुलता एक वाह तिनं वापरून टाकला होता. बाटलीचा स्वर मला ऐकू आला नाही. पण मॉरीनची दाद आली, आणि ती अगदी बरोबर जागेवर होती.